गंधर्व कंपनीचं येणं-देणं

माझा भाचा कोथरूडमध्ये तीन मित्रांबरोबर बँड चालवतो. बँड म्हणजे लग्नाच्या वरातीतला नव्हे. दोन गिटार, एक ड्रम आणि घसा ताणून म्हटलेली छोटी छोटी गाणी. या प्रकाराला पॉप पंक म्हणतात, हे मला त्यानंच सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका संगीत कंपनीशी करार केला. करार कुणी नीट वाचला नव्हता. आठ महिन्यांत गाणी कंपनीची झाली, दोघा मित्रांची बोलाचाली बंद झाली आणि बँड मोडायला आला. एका रविवारी तो घरी येऊन म्हणाला, "मामा, लेबलनं बुडवलं आम्हाला."

'लेबल' म्हणजे गाणी काढणारी कंपनी, हा अर्थ मला माहीत होता. पण माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते आबांच्या तबकड्यांवरचं गोल कागदी लेबल आणि त्यावर छापलेलं नाव, बालगंधर्व. पाठोपाठ कानात आलं ते मंडईतल्या कट्ट्यावरचं वाक्य, "नारायणरावांना बुडवलं हो." हे वाक्य ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. कुणी बुडवलं, यावर मात्र कट्ट्याचं कधी एकमत झालं नाही. भाच्याच्या निमित्तानं ते भांडण पुन्हा एकदा तपासून बघावं असं वाटलं. हा लेख त्यातून झाला.

आमचं घराणं मंडईचं. आबा म्हणजे माझे आजोबा कांदा-बटाट्याची आडत करत. घाऊक बाजार गुलटेकडीला गेल्यावर वडील किरकोळीत आले आणि मीही बरीच वर्षं गाळ्यावर बसलो. महाविद्यालयाची पायरी चढलो ती फक्त ग्रंथालयापुरती. 'मंडई विद्यापीठ' हा पुण्यातला जुना विनोद आहे, माझ्या बाबतीत तो खरा आहे. १८८६ साली उभ्या राहिलेल्या या अष्टकोनी मनोऱ्याच्या इमारतीत मी दोन गोष्टी शिकलो. माल पारखायला आणि खातं वाचायला. नाटक मंडळ्यांच्या इतिहासाकडे मी बघतो ते याच दोन गोष्टींच्या जोरावर.

आबांच्या जुन्या खतावण्यांच्या शेवटच्या पानांवर नाटकांचा खर्च लिहिलेला आहे. 'स्वयंवर', 'एकच प्याला', 'मानापमान', पुन्हा 'स्वयंवर'. तिकीट, टांगा, पान-सुपारी. हा सगळा खर्च आबांनी 'धर्मादाय' या सदराखाली टाकला आहे. आजीनं विचारलं तर सांगायला ते सदर सोयीचं असावं. १९३५ नंतर या नोंदी एकदम थांबतात. तबकड्या मात्र त्यांनी शेवटपर्यंत जपल्या.

कट्ट्यावर तीन पक्ष होते. पहिला म्हणायचा, सावकारांनी आणि भागीदारांनी बुडवलं. दुसरा म्हणायचा, नारायणराव स्वतःच अत्तरात आणि रेशमात बुडाले. तिसरा पक्ष आवाज खाली आणून एका बाईचं नाव घ्यायचा. आबा तिसऱ्या पक्षाचे. तिघांचं म्हणणं क्रमानं घेऊ.

फुटून निघालेली मंडळी

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणी त्यांचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी 'बालगंधर्व' म्हटलं ही आठवण सर्वांना ठाऊक आहे. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. ही मंडळी म्हणजे मराठी संगीत रंगभूमीचं मूळ घर. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं ते ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्यात बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात, म्हणजे मंडईपासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी नारायणरावांची लहानगी मुलगी गेली होती आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले. नाटक खाडिलकरांचं, चाली गोविंदराव टेंबे यांच्या.

दोन वर्षांत किर्लोस्कर मंडळी फुटली. कारभारावरून बिनसलं आणि नारायणराव, टेंबे व गणपतराव बोडस असे तिघे बाहेर पडले. ५ जुलै १९१३ रोजी गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. एक गळ्याचा, एक चालींचा, एक अभिनयाचा, अशी ही तिघांची भागी. कागदावर याहून चांगली भागी सापडणार नाही.

ही फूट जगावेगळी नव्हती, हे कट्ट्यावर कुणी लक्षात घेत नसे. त्या काळातल्या मोठ्या मंडळ्या बहुतेक अशाच जन्मल्या. केशवराव भोसले स्वदेश हितचिंतक मंडळीतून निघाले आणि १९०८ साली ललितकलादर्श उभी राहिली. दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी किर्लोस्कर सोडून १९१८ साली बळवंत संगीत मंडळी काढली. कारण बहुतेक वेळा एकच असायचं. गर्दी नटाच्या नावावर जमते आणि पेटीची किल्ली दुसऱ्याकडे असते. मग नट म्हणतो, किल्ली आपल्याकडेच असलेली बरी.

गंधर्व मंडळीत किल्ली तिघांकडे आली. टेंबे फार काळ टिकले नाहीत. १९१५ च्या सुमाराला त्यांनी स्वतःची शिवराज मंडळी काढली. पुढे बोडसही गेले आणि नारायणराव एकटे मालक उरले. टेंबे आणि बोडस या दोघांनीही पुढे आत्मचरित्रं लिहिली. दोन्ही मी दोनदा वाचली आहेत. त्यांत भागीदारानं लुटल्याचं काही मला दिसलं नाही. दिसलं ते एवढंच की, जाहिरातीत एकाचं नाव मोठं होत गेलं की बाकीच्यांचा जीव घुसमटतो. भाच्याच्या बँडमध्ये बोलाचाली बंद झाली तीही याच मुद्द्यावर. पोस्टरवर कुणाचा फोटो पुढे.

टेंबे-बोडसांनी बुडवलं म्हणावं, तर टेंबे गेल्यानंतरच मंडळीचा वैभवाचा काळ आला. 'स्वयंवर' १० डिसेंबर १९१६ ला मुंबईत लागलं. 'एकच प्याला' २० फेब्रुवारी १९१९ ला बडोद्यात लागलं, गडकरी गेल्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. सयाजीराव गायकवाडांचा आश्रय मिळाला होता. तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष अशी साथ होती. पहिल्या पक्षाचा अर्धा दावा इथंच निकालात निघतो. उरले सावकार.

अत्तर आणि कर्ज

सावकार आले ते कर्जामुळे आणि कर्ज झालं ते खर्चामुळे, म्हणजे पहिला पक्ष शेवटी दुसऱ्याच्या दारात येऊन थांबतो. १९२० साली 'द्रौपदी' आलं. त्यातल्या मयसभेच्या देखाव्यावर पाण्यासारखा पैसा गेला. खरे शालू, खऱ्या जरीचे पडदे, नाट्यगृहात अत्तराचा शिडकावा. तोळाभर सोनं वीस-पंचवीस रुपयांना मिळण्याच्या त्या काळात मंडळीचं कर्ज लाखांच्या घरात गेलं. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व आणि ललितकलादर्श यांचा संयुक्त 'मानापमान' झाला. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. त्या रात्रीच्या तिकिटांसाठी लोकांनी काय काय केलं याच्या कथा अजून सांगतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव वारले. इतका पैसा लोकांनी ज्यांच्यासाठी दिला, त्यांतले एक स्वतः कर्जात होते आणि ती रात्र त्यांनी फंडाला दिली होती.

पुढे चाहत्यांनी वर्गणी काढून कर्ज फेडण्याची तयारी दाखवली आणि नारायणरावांनी ती नाकारली, असं त्यांच्या आठवणी लिहिणाऱ्यांनी सांगितलं आहे. कर्ज फेडायचं ते गाऊनच, अशी त्यांची भूमिका होती. पुढची काही वर्षं प्रयोगामागून प्रयोग करून त्यांनी बराच बोजा उतरवला. जो माणूस उधळपट्टीनंच बुडाला म्हणायचा, त्यानं ही फेड कशी केली, हा प्रश्न दुसऱ्या पक्षाला मी कट्ट्यावर विचारला होता. मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा असेन. एक म्हातारे म्हणाले, "पोरा, तू पाहिलं न्हाईस. त्या शालूसाठी तर आम्ही जायचो."

हे वाक्य मला पुढे फार उपयोगी पडलं. मंडळीनं खर्च केला हे खरं. पण त्या खर्चाची मागणी कुणाची होती? पहिल्या रांगेपासून पिटापर्यंत सगळ्यांना दर खेपेला नवा शालू हवा होता. एक पद संपलं की 'वन्समोअर', आणि ते तीन-चार वेळा मिळालं नाही तर कुरकुर. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चाले. गॅसबत्त्या, नाट्यगृहाचं भाडं आणि साथीदारांची जागरणं धरून त्या वाढीव तासांचा खर्च मंडळीच्या खात्यावर पडायचा. तिकीट मात्र एकदाच काढलेलं.

पालेभाजी आणि कांदा

आता जरा आडत्याच्या नजरेनं बघतो.

मंडईत दोन तऱ्हेचा माल येतो. पालेभाजी पहाटे येते आणि त्याच दिवशी गेली तर गेली. दुपारपर्यंत कोथिंबिरीची जुडी पडेल त्या भावानं द्यावी लागते. कांदा तसा नाही. तो वखारीत ठेवता येतो आणि भाव चढला की काढता येतो. पालेभाजी पिकवणारा कितीही गुणी असला तरी त्याला गबर झालेला मी पाहिला नाही. कांद्यातही पैसा होतो तो पिकवणाऱ्यापेक्षा वखारवाल्याचा.

नाटकाचा प्रयोग म्हणजे पालेभाजी. आज रात्री गायिलेलं पद उद्या विकता येत नाही, उद्या पुन्हा गावं लागतं. मंडळी चालवायची म्हणजे शंभराच्या आसपास माणसांचं बिऱ्हाड गावोगाव हलवायचं. पडदे आगगाडीनं न्यायचे, रोज पंगत घालायची, पावसाळ्यात एका जागी मुक्काम ठोकून सगळ्यांना पोसायचं. गल्ला मिळतो तो फक्त ज्या गावात आहोत त्या गावात. प्रयोग नाही त्या दिवशी गल्ला शून्य, जेवण मात्र शंभर पानांचं.

तबकडी आणि चित्रपट हे कांद्यासारखे. भारतातलं पहिलं मोठं ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात झालं. गौहरजान यांनी गाणं संपवून इंग्रजीत आपलं नाव सांगितलं, कारण तबकड्या छापल्या जायच्या त्या जर्मनीत हानोव्हरला आणि लेबलावर कुणाचं नाव टाकायचं हे तिथल्या माणसांना कळायला हवं. त्यानंतर गाणं वखारीत ठेवता येऊ लागलं. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. जे पद नारायणराव रंगभूमीवर हवं तितका वेळ खुलवत, ते या मापात कापून बसवावं लागे. कट्ट्यावरचे जुने लोक तबकडी लावली की मान हलवत आणि म्हणत, "ही सावली आहे."

मला मात्र तबकडीचा आदर वाटतो. 'स्वयंवर'चं संगीत भास्करबुवा बखल्यांचं. शनिपाराजवळच्या भारत गायन समाजाचे ते संस्थापक, नारायणरावांचे गुरू. ते १९२२ साली गेले. त्यांचं एकही ध्वनिमुद्रण नाही. अल्लादिया खाँसाहेबांनीही आयुष्यभर तबकडी दिली नाही. बुवांचं गाणं कसं होतं याचा अंदाज आज घ्यायचा, तर शिष्यांच्या तबकड्या ऐकाव्या लागतात. सावली तर सावली, पण तिच्यावरून माणूस किती उंच होता ते कळतं.

वखारीतल्या मालाचा पैसा गवयाला किती मिळाला? त्या काळी ठरलेली रक्कम हातात पडली की व्यवहार संपे. कायद्याची स्थिती याहून बिकट होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तबकडीवर हक्क होता तो ती काढणाऱ्याचा, गाणाऱ्याचा नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे संगीतकार-गीतकारांच्या हक्काचं प्रकरण आलं. तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला स्वतंत्र टिपण जोडलं आणि गायकाला कसलाच हक्क नाही याकडे संसदेचं लक्ष वेधलं. कलाकारांच्या हक्काचं कलम कायद्यात आलं १९९४ च्या दुरुस्तीनं. गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातला वाटा परस्पर लिहून घेता येणार नाही, अशी तरतूद झाली २०१२ साली. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो चकित झाला. त्याला वाटायचं हे हक्क पहिल्यापासून आहेत.

सहा चित्रपटांचा करार

१९३१ साली बोलपट आला. १९१५ पासून मंडईजवळ 'आर्यन' चित्रपटगृह चालत होतं. आज त्या जागी वाहनतळ आहे आणि नाव तेवढं उरलं आहे. मुक्या चित्रपटानं नाटकाचं फारसं बिघडवलं नव्हतं, कारण नाटकाचा माल गाणं हा होता. बोलपट गाऊ लागला आणि एकाच चित्रपटाच्या प्रती एका रात्रीत दहा गावांत चालू लागल्या. शंभर पानांची पंगत घालणारी मंडळी त्यापुढे टिकणं अवघड होतं. बळवंत मंडळीनं स्वतःच चित्रपट कंपनी होऊन १९३४ साली 'कृष्णार्जुन युद्ध' काढला आणि ती त्यात बुडाली. दीनानाथांनी अत्तर उधळलं नव्हतं, तरी बुडाले. दुसऱ्या पक्षाला माझं एवढंच उत्तर आहे.

लोकांची आवडही बदलत होती. १९३३ साली नाट्यमन्वंतरनं 'आंधळ्यांची शाळा' आणलं. त्यात स्त्रीच्या भूमिकेत स्त्री होती. पंचेचाळिशी गाठलेल्या पुरुषानं शालू नेसून रुक्मिणी व्हावं, हे नव्या पिढीला पटेनासं झालं होतं.

याच सुमारास गंधर्व मंडळीचा कारभार थांबला आणि नारायणरावांनी प्रभातशी सहा चित्रपटांचा करार केला. प्रभात नुकतीच कोल्हापूरहून पुण्यात आली होती, देशातल्या मोठ्या चित्रसंस्थांत तिची गणना होती. पहिला चित्रपट संत एकनाथांवरचा. त्याचं नाव 'महात्मा' ठरलं होतं. एकनाथांच्या अस्पृश्यताविरोधात गांधीजींची छाया दिसते म्हणून सेन्सॉरनं ते नाव बदलायला लावलं आणि १९३५ साली तो 'धर्मात्मा' म्हणून लागला. दिग्दर्शक व्ही. शांताराम. नारायणराव प्रथमच पुरुषवेषात पडद्यावर आले.

आबा बघायला गेले आणि मध्यंतरात उठून आले. धर्मादायातली ती शेवटची नोंद.

करारातले उरलेले पाच चित्रपट झालेच नाहीत. तुकड्या-तुकड्यानं, कॅमेऱ्याच्या हुकमानं गाणं नारायणरावांना जमेना. समोर माणसं नाहीत तर गायचं कुणासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे १९३७ साली 'साध्वी मीराबाई' आला, त्यात ते पुन्हा स्त्रीवेषात होते. तोही पडला.

भाच्यानं यावर मला त्याच्या जगातली गोष्ट सांगितली. अमेरिकेत बर्कली गावात ९२४, गिलमन मार्गावर तरुणांनी मिळून चालवलेला एक गाण्याचा अड्डा आहे. मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडनं तिथं वाजवायचं नाही, असा त्यांचा नियम होता. ग्रीन डे नावाचा बँड तिथंच मोठा झाला. त्यानं मोठ्या कंपनीसाठी केलेली 'डूकी' ही तबकडी १९९४ साली जगभर खपली आणि त्याच अड्ड्याचं दार त्यांना बंद झालं. जुने चाहते म्हणाले, हे विकले गेले. त्याआधी त्यांची गाणी ज्या छोट्या, घरच्यासारख्या कंपनीनं काढली होती, तिनं पुढे पैसे थकवले. शेवटी २००५ साली ग्रीन डेला आपली गाणी तिच्याकडून काढून घ्यावी लागली. मोठ्या कंपनीला शिव्या देणारे चाहते या गोष्टीबद्दल फारसं बोलत नाहीत, असं भाचा म्हणाला.

मला 'धर्मात्मा'च्या मध्यंतरात उठून जाणारे आबा दिसले. कलाकारानं आमच्यासाठी पालेभाजीच पिकवत राहावं, वखारीकडे बघूसुद्धा नये, ही चाहत्यांची जुनी अट आहे. त्याचं पोट कसं भरतं, हे विचारायचं नाही.

तिसरा पक्ष

आता त्या बाईचं नाव. गोहरबाई कर्नाटकी. विजापूरकडच्या, प्रसिद्ध पार्श्वगायिका अमीरबाई कर्नाटकी यांची बहीण. बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकून त्यांची गायकी गोहरबाईंनी गळ्यात उतरवली होती. १९३८ च्या सुमाराला त्या पुन्हा उभ्या केलेल्या मंडळीत आल्या. जुन्या चाहत्यांना हे रुचलं नाही. नारायणरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई १९४० साली गेल्या. पुढे १९५१ मध्ये नारायणराव आणि गोहरबाईंचं लग्न झालं. गोहरबाईंनी नारायणरावांना घरादारापासून तोडलं, मंडळी बुडवली, असं कट्ट्यावर ठासून सांगत. त्यातला अर्धा राग त्या बाई होत्या म्हणून होता आणि उरलेला त्या मुसलमान होत्या म्हणून. हे मला मोठेपणी कळलं. आबांबद्दल हे लिहिताना बरं वाटत नाही, पण लपवण्यात अर्थ नाही.

नुसत्या तारखा मांडल्या तरी हा पक्ष टिकत नाही. कर्ज झालं १९२१ च्या आगेमागे. मंडळी थांबली १९३४ च्या सुमाराला. गोहरबाई आल्या त्यानंतर तीन-चार वर्षांनी. आग विझल्यावर आलेल्या माणसावर आग लावल्याचा आळ घ्यावा, तसं हे झालं. उलट पन्नाशीच्या नारायणरावांना नायकाच्या भूमिका करायच्या तर समोर त्यांच्या तोलानं गाणारी नायिका हवी होती. ती जागा गोहरबाईंनी भरून काढली. नारायणरावांच्या पायांतली शक्ती गेली तेव्हा त्यांना सांभाळलं तेही त्यांनीच. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आला, १९६४ साली पद्मभूषण. त्याच १९६४ मध्ये गोहरबाई गेल्या. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात नारायणराव गेले.

तिन्ही पक्षांचा निकाल लावल्यावर खातं कुणाच्या नावावर काढायचं? खर्चात मंडळीची चूक होती, करारात भोळेपणा होता आणि काळ उलटा होता. पण या खात्यात एक बाजू कोरीच राहिली आहे. ती आमची, ऐकणाऱ्यांची. वन्समोअर आम्ही घेतला. शालू आम्ही मागितला. वय झाल्यावर बोलपटाकडे आम्ही वळलो आणि ते बोलपटात गेले तेव्हा रुसलोही आम्हीच. त्यांच्या घरात कोण असावं हेही आम्ही ठरवू पाहिलं. एवढं करून आम्ही बुडवणारा शोधत कट्ट्यावर बसलो.

८ ऑक्टोबर १९६२ रोजी जंगली महाराज रस्त्यावर बालगंधर्व रंगमंदिराची पायाभरणी झाली ती खुद्द नारायणरावांच्या हस्ते. त्या दिवशीची आबांची गोष्ट वडिलांनी मला सांगितली. सत्तावीस वर्षं नाव न काढलेला माणूस सकाळीच मंडईच्या फुलवाल्यांकडे गेला आणि निशिगंधाचा भरगच्च हार बांधून घेतला. गर्दीत मागं उभा राहिला. आधाराशिवाय उभं राहता न येणारे नारायणराव त्यांनी लांबून पाहिले आणि तसेच परत आले. हार घरच्या गणपतीला घातला. पुढची पाच वर्षं नारायणराव हयात होते. आबा भेटायला गेले नाहीत. वडिलांनी एकदा का विचारलं, तर म्हणाले, "काय तोंडानं जाऊ?"

२६ जून १९६८ ला रंगमंदिर उघडलं. गोपाळराव देऊसकरांनी रंगवलेली नारायणरावांची दोन भव्य चित्रं तिथं आहेत, एक पुरुषवेषातलं, एक स्त्रीवेषातलं. मी जातो तेव्हा पुरुषवेषातल्या चित्रापुढे थोडा जास्त वेळ थांबतो. आबांनी त्याच रूपाकडे पाठ फिरवली होती.

भाच्याच्या बँडचं अजून काही ठरलेलं नाही. वकिलाला करार दाखवला आहे. गाणी परत मिळणं कठीण दिसतं, पण नवी गाणी करायला कुणी अडवू शकत नाही, असं वकील म्हणतात. गेल्या महिन्यात एका छोट्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. दोघं मित्र एकमेकांकडे न बघता का होईना, पण एकत्र वाजवत होते. मला त्यातलं फारसं कळलं नाही, कान मात्र दुखले. भाच्यानं फुकट पास देऊ केला होता. मी दारात तिकीट काढून आत गेलो आणि घरी आल्यावर वहीत तो खर्च लिहिला. 'धर्मादाय' लिहायला हात गेला होता. ते खोडून 'देणे' लिहिलं.